खस्सी कोंबडा करायला मी कशी शिकले

२०२३ साली श्रावणाला जोडून अधिक महिना आला आणि माझं कोंबड्यांचं सगळं गणित कोलमडलं. त्यातूनच मी कोंबडा खस्सी, म्हणजे वृषणं काढून खच्ची, करायला शिकले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आधी बरीच वर्षं एडिसनला फ्लॅटमध्ये होतो. २०२० च्या शेवटी दक्षिणेकडे बर्लिंग्टन काउंटीत साडेतीन एकर जागा आणि एक जुनं लाकडी घर घेतलं. मी मूळची माण तालुक्यातली. डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या, पहाटेची बांग, खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी, यातच लहानाची मोठी झाले. त्यामुळे घर ताब्यात आलं तसं पहिल्यांदा खुराडं बांधलं. दोन वर्षं नुसती अंडी खाल्ली. मग सासूबाई म्हणायला लागल्या, "अंडी झाली गं, पण रश्श्याचं काय? दुकानातल्या कोंबडीला कापसाची चव." त्यांचं खरं होतं.

आम्ही जर्सी जायंट जातीची पिल्लं मागवतो. ही जात इथलीच, याच काउंटीतली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत जॉन आणि थॉमस ब्लॅक या भावांनी जॉब्सटाउनच्या आसपास ती तयार केली. टर्कीच्या जागी ताटात येईल इतका मोठा पक्षी त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी जावा, लँगशान आणि ब्रह्मा या जातींचा संकर केला. त्यातल्या ब्रह्माचं नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडलेलं आहे, हे कळल्यावर मला या काळ्या धिप्पाड कोंबड्यांचा जरा जास्तच जिव्हाळा वाटायला लागला. पूर्ण वाढलेला नर सहा किलोच्या आसपास जातो. पण वाढ संथ. आधी हाडं, मग मांस. तीन महिन्यांचा नर उंचीला मोठा दिसतो, हातात घेतला की नुसता सापळा.

२७ एप्रिलला पंचवीस पिल्लं पोस्टाने आली. इथे एक दिवसाची पिल्लं खोक्यातून पोस्टाने पाठवतात. अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू बाहेर पडतं, त्यामुळे दोन-तीन दिवस त्याला दाणा-पाणी नसलं तरी चालतं. सकाळी सहाला पोस्टातून फोन येतो आणि मागे चिवचिवाट ऐकू येतो. नर-मादी निवडून न घेतलेली पिल्लं स्वस्त पडतात, म्हणून तीच मागवली. पंचविसांत अकरा नर निघाले.

आता गणित असं. अधिक श्रावण १८ जुलैला सुरू, तेव्हा पिल्लं बारा आठवड्यांची. मग निज श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. सासूबाईंनी कालनिर्णय समोर धरून सांगितलं, "दसऱ्यापर्यंत घरात सुरी चालायची नाही." दसरा २४ ऑक्टोबरला. तोवर नर सहा महिन्यांचे होणार.

सहा महिन्यांचे नर काय चीज असते ते मी आदल्या वर्षी भोगलं होतं. सहा नर एकत्र, रोज रक्तबंबाळ तुरे, तलंगांच्या, म्हणजे तरण्या कोंबड्यांच्या, पाठीवरची पिसं उपटून गेलेली, पहाटे चारपासून एकाला उत्तर दुसरा. एवढं करून ताटात आलं ते चऱ्हाट. कुकरच्या बारा शिट्ट्या झाल्या, तरी मांडीचं मांस दातात अडकत होतं. रस्सा उत्तम झाला होता, खोटं कशाला बोलू. पण मुलांनी फोडी बाजूला सारल्या.

शेजारी एक म्हातारे शेतकरी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, तीन पिढ्या कोंबड्यांच्या धंद्यात काढलेल्या. माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. कुंपणाशी उभं राहून माझं गाऱ्हाणं त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "माझ्या वडिलांच्या काळी याला एक उपाय होता. आता तो कुणी करत नाही." घरात जाऊन त्यांनी एक चपटी पेटी आणली. आत फिलाडेल्फियाच्या पिलिंग कंपनीची जुनी हत्यारं: एक बारीक पातं, बरगड्या फाकवायचा तारेचा फाकण्या, टोकाला वाकवलेला आकडा आणि लांब चिमटा. नर खच्ची करायची हत्यारं.

बोकड खच्ची करतात, बैल करतात, हे मी लहानपणापासून बघितलेलं. कोंबडा खच्ची करतात हे पहिल्यांदाच ऐकत होते. खस्सी बोकडाचं मटण मऊ, वास नाही, चरबी सगळीकडे सारखी, हे आपल्याकडे कुठल्याही खाटकाला विचारा. कोंबड्याचंही तंतोतंत तसंच. वृषणं काढली की लढायची, आरवायची, माद्यांमागे धावायची खुमखुमी जाते आणि खाल्लेलं सगळं अंगी लागतं. सहा-आठ महिन्यांचा झाला तरी मांस कोवळं राहतं. इथल्या जुन्या नाताळच्या जेवणात टर्कीच्या बरोबरीने खस्सी कोंबडा असायचा आणि फिलाडेल्फियाच्या बाजारात या भागातल्या कोंबड्यांना मान होता.

मग हे बंद का झालं? आजोबांच्या मते ब्रॉयलरने संपवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे 'उद्याची कोंबडी' निवडायच्या देशभर स्पर्धा झाल्या, १९४८ ला डेलावेअरमध्ये अंतिम फेरी झाली, आणि त्यातूनच पुढे भराभर वाढणारी संकरित जात आली. ती दीड-दोन महिन्यांत कापायला तयार. वयात यायच्या आधीच जी कापायची तिला खच्ची कशाला करायची? मधल्या काळात एक आडवाटही निघाली होती. मानेत संप्रेरकाची गोळी बसवायची, म्हणजे चिरफाड न करता नर खस्सीसारखा व्हायचा. माणसाला ते घातक म्हणून १९५९ ला त्यावर बंदी आली. आजोबांच्या वडिलांनी ती गोळी कधी वापरली नाही. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज ताठ झाला होता.

त्या रात्री गावाला आबांना फोन लावला. आबांनी जन्मभर शेरडं राखली. ते म्हणाले, "बोकडाचं बाहीर असतंय, चिमट्यानं नस दाबली की झालं. कोंबड्याचं तर प्वाटात. प्वाट फाडून जगतंय व्हय ते?"

मलाही हाच प्रश्न पडला होता. पक्ष्याची वृषणं पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला चिकटून, फुप्फुसाच्या मागे आणि मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी असतात. म्हणजे पोटाला भोक पाडून आत जायचं. दोन रात्री मला झोप लागली नाही. कापणं वेगळं. कापताना जीव एका क्षणात जातो, आणि तो नीट जावा म्हणून मी सुरीला रोज धार लावते. इथे जीव ठेवायचा होता आणि दुखवायचंही होतं. ब्रिटनमध्ये या कामाला मनाईच आहे, हेही वाचलं. अमेरिकेत चालतं, पण चालतं म्हणून करावं असं नाही. दुसऱ्या बाजूला, खच्ची न केलेल्या नरांनी एकमेकांचे डोळे फोडलेले मी आदल्याच वर्षी पाहिले होते. शेवटी मी स्वतःपुरत्या दोन अटी घातल्या: भूल दिल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि मेलेल्या पक्ष्यावर हात बसल्याशिवाय जिवंताला हात लावायचा नाही.

भुलेसाठी पशुवैद्य शोधायला तीन आठवडे गेले. बहुतेकांनी कोंबडी म्हटल्यावर फोन ठेवला. एक बाई मिळाल्या, घोडे आणि शेळ्या बघणाऱ्या. त्यांनी समजावलं की जागेवर बधिर करायचं औषध पक्ष्यांना फार लवकर बाधतं. माणसाच्या मानाने टोचलं तर पक्षी तिथेच जातो. वजनावर हिशोब करून, पातळ करूनच द्यायचं. पहिल्या दिवशी त्या स्वतः आल्या, नंतरच्या वेदनाशामकाचं लिहून दिलं आणि औषधानंतर किती दिवस मांस खायचं नाही तेही लिहून दिलं. आजोबांना हे सगळं अनाठायी वाटत होतं. त्यांच्या वडिलांनी असलं काही वापरलं नव्हतं. पण टेबल माझं, कोंबडे माझे, म्हणून ते गप्प राहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन नर सरावासाठी कापले. सहा आठवड्यांचे. सासूबाईंनी नंतर त्यांचं सूप केलं. कापल्या-कापल्या, अंग गरम असतानाच, आजोबांनी त्यांना कुशीवर निजवलं आणि माझं बोट धरून बरगड्या मोजायला लावल्या. शेवटची, तिच्या आधीची. या दोघींच्या मधली फट हेच दार. एका पक्ष्यावर मी ते दार चार वेळा उघडलं. पहिल्यांदा मांडीच्या स्नायूत शिरले. दुसऱ्यांदा फार खोल, आतडं फाटलं. तिसऱ्यांदा जमलं, पण आत काहीच दिसेना. सगळं ओलं, लालसर, एकमेकांवर पडलेलं. आजोबा म्हणाले, "शोधू नकोस. कणा बघ. कण्यावरून नजर पुढे ने." आणि मग दिसला. पिवळसर, गुळगुळीत, तांदळापेक्षा मोठा, गव्हाच्या दाण्याएवढा. कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. मधून जाड निळी रक्तवाहिनी.

ती वाहिनी फाटली तर पक्षी अर्ध्या मिनिटात जातो. मेलेल्यावर ती रिकामी असते, म्हणून धाक वाटत नाही. सरावात तेवढं शिकता येत नाही.

एक नर वंशासाठी तसाच ठेवायचा ठरला. उरले आठ.

१७ जून, शनिवार. पिल्लं साडेसात आठवड्यांची. हे वय नेमकं साधायला लागतं. फार लहान असेल तर वृषणाचा दाणा सापडत नाही, चिमट्यात फुटतो. दहा-बारा आठवड्यांपर्यंत थांबलं तर तो घेवड्याच्या बीएवढा होतो, त्याच्या शिराही जाड होतात आणि रक्तस्राव आवरत नाही. नरांचे तुरे नुकते लालीवर यायला लागले होते. शुक्रवारी सकाळपासून दाणा बंद, रात्री पाणीही काढलं. आतडं रिकामं असलं तरच ते खाली सरकतं आणि कणा दिसतो. उपाशी पिल्लांचा तो दिवसभराचा आवाज ऐकणं फार जड गेलं. दोनदा दाण्याच्या डब्यापर्यंत जाऊन परत आले.

उजेड हवा म्हणून मागच्या ओट्यावर टेबल मांडलं. सकाळचे आठ, ऊन तिरकं, शिवाय कपाळाला दिवा बांधलेला. हत्यारं उकळून पांढऱ्या कापडावर ठेवलेली. पहिला पक्षी डाव्या कुशीवर निजवला, पंख एका दोरीने, पाय दुसऱ्या दोरीने बांधले आणि दोरीच्या टोकाला अर्धी-अर्धी वीट टेबलाखाली लोंबत सोडली. म्हणजे शरीर ताणून राहतं आणि बरगड्या उघडतात. आजोबांकडे जुनी पद्धत हीच. पक्षी शांत पडून राहिला. भूल मुरेपर्यंत पशुवैद्य बाई त्याच्या डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या.

शेवटच्या बरगड्यांवरची पिसं रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेतली काढली, आयोडिन लावलं. मग एक युक्ती, मला सगळ्यात आवडलेली. चिरण्याआधी त्या जागेवरची कातडी मांडीकडे ओढून धरायची आणि तशीच धरून चिरायची. काम झाल्यावर सोडली की कातडी जागेवर सरकते, तिची चीर आणि आतल्या स्नायूची चीर समोरासमोर राहत नाही. कातडीचं आपोआप झाकण होतं. टाका घालावा लागत नाही. हे कुणी पहिल्यांदा शोधलं असेल, त्याच्या हाताला नमस्कार.

चीर इंचभर. फाकण्या बसवला. आकड्याने आतला पारदर्शक पडदा टोचून बाजूला केला. तो फाटताना कांद्याच्या पापुद्र्यासारखा हलका आवाज येतो. आतडं सरकवलं. आत फुप्फुस श्वासाबरोबर हलत होतं. जिवंत अंगात डोकावतोय हे त्या क्षणी पुरतं कळलं आणि माझा हात थांबला. आजोबा मागून हळूच म्हणाले, "थांबलीस तर त्याला जास्त वेळ निजावं लागेल."

दाणा चिमट्यात धरायचा. ओढायचा नाही. फिरवायचा, पिळा देत देत, म्हणजे शिरा आवळल्या जातात आणि तो सुटून येतो. आला. बाहेर काढून कापडावर ठेवला तेव्हा माझ्या कानात नुसते ठोके. आजोबा एकाच चिरेतून दोन्ही काढायचे. तसं करताना लांबचा, खालचा आधी काढायचा, नाहीतर वरच्याचं रक्त सांडून खालचा दिसत नाही. नवशिक्याने तो नाद करू नये असं त्यांनीच सांगितलं. म्हणून पक्षी उलटा करून दुसऱ्या बाजूनेही तेच केलं. पहिल्या पक्ष्याला मला पंचवीस मिनिटं लागली. दोरी सोडली तर तो उठून उभा राहिला, अंग झाडलं आणि समोर ठेवलेल्या भिजवलेल्या भरड्यावर तुटून पडला. मी ओट्याच्या पायरीवर बसून रडले.

दुसरा पक्षी मी मारला.

लपवण्यात अर्थ नाही. उजव्या बाजूचा दाणा धरला, चिमट्यात त्याच्यासोबत वाहिनीची कडा आली आणि मी पिळा द्यायच्याऐवजी किंचित उचललं. केसभर उचललं असेन. चिरेतून गडद रक्त वर आलं, तळ दिसेनासा झाला. बाईंनी बोळा दाबला, पण त्यांनाही माहीत होतं. आजोबांनी दोरी सोडून लगेच मान कापली. औषध अंगात असल्यामुळे तो खाताही आला नाही. मागच्या बाजूला तुतीच्या झाडाखाली पुरला. थांबावं असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही ठरवा." पण तिसराही कालपासून उपाशी होता, पिंजऱ्यात वाट बघत. तो केला. घाबरलेल्या हाताने, घाईत. दोन्ही दाणे निघाले असं मला वाटलं.

उरलेले पाच पुढच्या शनिवारी केले. हात स्थिर होता. चौथ्या-पाचव्यानंतर बोटांना जागा कळायला लागली, डोळ्यांच्या आधी. शेवटच्याला दोन्ही बाजू मिळून नऊ मिनिटं. एकही गेला नाही.

पुढचे काही दिवस त्यांना बसायला दांडी दिली नाही, उडी मारून चीर उघडू नये म्हणून. जमिनीवर कोरडा भुसा, पाणी, मऊ दाणा. माशा लागू नयेत म्हणून खुराड्याला बारीक जाळी. तिसऱ्या दिवशी एकाची कूस फुग्यासारखी टम्म झाली. मी घाबरून आजोबांकडे धावले. पक्ष्याच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात. आतली चीर बाहेरच्या आधी भरली नाही तर हवा कातडीखाली साठते. उकळलेल्या सुईने टोचून दाबली, फुस्स झालं. दोन दिवसांनी पुन्हा फुगलं, पुन्हा टोचलं. मग नाही. दहा दिवसांत सगळ्यांच्या चिरा कोरड्या.

खरं नवल नंतर, जुलै-ऑगस्टमध्ये. वंशासाठी ठेवलेल्या नराचा तुरा मोठा, लालभडक होत गेला आणि त्याच्या शेजारीच या सहांचे तुरे फिके गुलाबी, आखडलेले राहिले. पिसं मात्र नराचीच. मानेवरची, शेपटीवरची लांब पिसं उलट जास्तच झुपकेदार आली. तुरा आणि बांग वृषणांवर अवलंबून, पिसांचा थाट नाही. १८४९ ला जर्मनीत गटिंगेनला बर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने नेमका हाच फरक पाहून सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. काढलेलं वृषण पोटात दुसरीकडे बसवलं, तरी कोंबडा तुरा फुलवून आरवायला लागला. म्हणजे काहीतरी रक्तातून जातं, हे त्याने ओळखलं. संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मानतात. माझ्या परसात तो प्रयोग रोज दाणे टिपत फिरत होता.

भांडणं बंद झाली. तलंगांच्या पाठीवर पिसं होती. सकाळी एकच बांग. एक खस्सी तर खुडूक कोंबडीच्या पिल्लांना पंखाखाली घेऊन बसायला लागला. मला वाटलं त्याला काही दुखतंय. आजोबा हसले, म्हणाले, पूर्वी खस्सीवर मुद्दाम पिल्लं सोपवायचे, त्याचे पंख मोठे, ऊब जास्त. त्या कोंबड्याला मी अजून कापलेलं नाही.

ऑगस्टच्या मध्याला पहाटे दुसरी बांग ऐकू आली. फाटकी, घोगरी. तिसरा पक्षी. त्याचा तुरा लाल व्हायला लागला होता. मला जे वाटलं होतं ते खरं नव्हतं. आत काहीतरी राहिलं होतं.

दसरा झाला. २९ ऑक्टोबरच्या रविवारी पहिला खस्सी कापला. जिवंत वजन चार किलोच्या वर, साफ केल्यावर पावणेतीन. कातडीखाली पिवळीधमक चरबी, मांसातही तिच्या बारीक रेषा. सासूबाईंनी मोठं पातेलं काढलं. कुकर नको म्हणाल्या. हळद, मीठ, आलं-लसूण लावून चरबीतच परतला, पाणी घालून शिजत ठेवला. पाऊण तासात मांडीत काटा सहज गेला. आधी आळणी वाटीत घेतलं, वर सोनेरी तवंग. मग सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटलेलं आणि गावाहून आलेला कांदा-लसूण मसाला. ज्वारीची भाकरी. माझ्या मुलाने फोड तोंडात घातली आणि काही न बोलता दुसरी उचलली. सासूबाई म्हणाल्या, "तलंगेसारखं लागतंय. पण जून चव आहे." माझ्या मते खस्सीच्या मांसाचं याहून नेमकं वर्णन होणार नाही. कोवळ्या पक्ष्याचा मऊपणा आणि सहा महिने गवतावर फिरलेल्या पक्ष्याची चव, हे एरवी एका ताटात येत नाही. उरलेली चरबी वितळवून बरणीत भरली, तिच्यात परतलेली वांगीसुद्धा वेगळीच लागतात.

माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी आता हे शिकायचं म्हटलंय. मी त्यांना आधी विचारते, पशुवैद्य मिळाला का? नसेल तर नको. नुसते व्हिडिओ बघून तर अजिबात नको. व्हिडिओत आतलं सगळं स्वच्छ आणि वेगवेगळं दिसतं, हाताखाली तसं नसतं. दहा-बारा मेलेल्या पक्ष्यांवर सराव करा, मी दोनांवरच भागवलं आणि त्याची किंमत दुसऱ्या पक्ष्याने दिली. आणि ज्यांना तीन महिन्यांत कापायचेच आहेत त्यांनी या वाटेला जाऊच नये, काही गरज नाही. आमच्या घरात श्रावण ते दसरा सुरी बंद असते, म्हणून आम्हाला गरज आहे.

नोव्हेंबरात त्या तिसऱ्याला कापलं. मांस ना धड खस्सीचं, ना धड कोवळं. मी मुद्दाम आधी पोट उघडून कणा पाहिला. उजव्या बाजूला, वाहिनीला चिकटून, सुपारीएवढा पांढरट गोळा. जूनमध्ये दाण्याचा एक कपरा तिथे राहिला होता, मी घाबरून बाजू बदलली तेव्हा. कपऱ्यापासून तो पुन्हा वाढला होता. आजोबांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "काढलेले दाणे तू तपासले होतेस?" नव्हते तपासले. कापडावर ठेवले होते आणि रक्तात माखलेल्या कापडासकट टाकून दिले होते.

२०२४ च्या जूनमध्ये टेबलावर मी एक पांढरी बशी ठेवली. दाणा काढला की बशीतल्या पाण्यात बुचकळायचा, दिव्याखाली फिरवून दोन्ही टोकं गोल आहेत का बघायचं, आणि मगच फाकण्या काढायचा. टोक तुटकं दिसलं तर पुन्हा आत बघायचं, घाई कितीही असो. दोनदा तसं झालं, दोन्ही वेळा कपरा सापडला. नऊ पक्षी, दोन शनिवार. प्रत्येक शनिवारी काम आटोपल्यावर आजोबांनी बशी स्वतःकडे ओढली आणि बोटाने मोजली. पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी दहा.